होमॉलॉजी असताना कोहोमॉलॉजी हवीच कशाला?

उंबरठा
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बीजीय टोपॉलॉजी घेतली आहे. पहिलं सत्र होमॉलॉजीत गेलं आणि ती मला मनापासून आवडली. वस्तूचे बिंदू, कडा, त्रिकोण असे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची सीमा काढायची. ज्याची सीमा शून्य ते चक्र. जे चक्र स्वतःच कशाची तरी सीमा असतं ते भरलेलं, ते सोडून द्यायचं. जी चक्रं भरता येत नाहीत, ती भोकांची खूण. हे हातात धरता येतं.

आता कोहोमॉलॉजी सुरू झाली आहे आणि माझी गाडी अडली. वर्गात व्याख्या आली ती अशी: साखळ्यांऐवजी (म्हणजे तुकड्यांच्या बेरजांऐवजी) साखळ्यांवरची फलनं घ्या आणि सगळे बाण उलटे करा. केले. वास्तव संख्या वापरल्या तर दोन्हींची मिती तंतोतंत सारखी येते. मग नवीन कळलं काय? एकाच घराला पुढून आणि मागून पाहिलं, एवढंच ना? दोन महिने हाच प्रश्न घेऊन फिरतोय. कोणी खरंखुरं कारण सांगेल का?

टिंबटिंब
छान धागा. बसतो इथेच.

दोरवा
उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वटपौर्णिमेला सापडलं होतं, तेच सांगते.

वडाभोवती सूत गुंडाळतात ते डोळ्यांसमोर आणा. मैदान म्हणजे प्रतल, खोड म्हणजे त्यातलं भोक. सूत सात वेळा फिरलं. ते सैल असो, घट्ट असो, मध्येच पारावरच्या कुणाच्या पिशवीला वळसा घालून आलेलं असो, वेढे सातच. ही झाली होमॉलॉजी.

आता वेढे मोजायचे कसे? खोडापासून मैदानाच्या टोकापर्यंत चुन्याची एक रेघ ओढा. प्रदक्षिणेच्या दिशेने रेघ ओलांडली की अधिक एक, उलट दिशेने ओलांडली की वजा एक. एखादी मधूनच मागे वळली आणि पुन्हा पुढे गेली, तरी बेरीज बरोबर येते. ही रेघ म्हणजे सूत नव्हे, सुताचं माप आहे. तीच तुमची कोहोमॉलॉजी.

रेघ अर्धवट सोडून बघा. तिच्या मोकळ्या टोकाभोवती कुणी छोटंसं रिंगण घातलं तर नोंद ‘एक’ होते, आणि त्या रिंगणात खोड नाहीच! माप खोटं ठरलं. म्हणून अट अशी की रेघेला मोकळं टोक नको. व्याख्येत ‘कोसायकल’ म्हणून जी अट येते, ती इथे एवढीच आहे. आणि रेघ सरळ न ओढता नागमोडी ओढली तर? सुट्या वाटांच्या नोंदी बदलतील, पण बंद वाटेची बेरीज बदलणार नाही. अशा दोन रेघांमधला फरक म्हणजे कोबाउंडरी.

आता गंमत बघा. मोजायची वस्तू ‘टोक नसलेली’ हवी होती, आणि माप सुद्धा ‘टोक नसलेलं’च निघालं. मला ज्या दिवशी हे दिसलं त्या दिवशी जेवण सुचलं नाही.

टिंबटिंब
पुढच्या वटपौर्णिमेला चुना मी आणतो.

शुद्धसाजूक
दोरवाताई, चित्र सुंदर आहे, पण मला एक धोका दिसतो. रेघ हे माप म्हणून चाललं कारण मैदान सपाट आहे, प्रत्येक ठिकाणी सारखंच आहे. कुठेतरी तीन पत्रे एकाच कडेला जोडलेले असले, कुठे नुसती तार बाहेर आली असली, तर ‘मोकळं टोक नसलेली रेघ’ ही कल्पना अशी सरळ चालत नाही. फलनाची व्याख्या मात्र कुठेही चालते. तीच प्रामाणिक व्याख्या. विद्यार्थ्याला आधी ती येऊ दे, चित्रं नंतर.

आणि उंबरठा, तुझं ‘दोन्ही सारखंच’ हे वास्तव संख्यांपुरतं खरं आहे. पूर्णांक घेतलेस की ते मोडतं. प्रक्षेपी प्रतल घे: गोल चकती, कडेवरचे समोरासमोरचे बिंदू एकमेकांना चिकटवलेले. अर्धी कड चाललास की परत त्याच बिंदूवर येतोस, म्हणजे ती बंद वाट झाली. तिला अ म्हण. पूर्ण कड म्हणजे अ दोनदा, आणि पूर्ण कड ही चकतीची सीमा. म्हणून अ एकदा भरत नाही, दोनदा भरते. पहिल्या होमॉलॉजीत दोन घटकांचा गट आला. यालाच टॉर्शन म्हणतात.

आता अ ला पूर्णांकाने माप. अ चं माप न असेल तर दोनदा अ चं माप २न, आणि ते शून्य असायला हवं. म्हणून न शून्य. पूर्णांकांच्या मापाला अ दिसतच नाही! पहिली कोहोमॉलॉजी शून्य आहे. पण दुसरी काढ. चकतीला १ देणारं फलन कशाचंही कोबाउंडरी नाही, आणि त्याची दुप्पट आहे. दोन घटकांचा गट तिथे, एक पायरी वर, जाऊन बसला आहे. आता सांग, पुढून आणि मागून घर सारखंच दिसतं का?

उंबरठा
हे मी स्वतः करून पाहिलं. एक पायरी सरकतं हे खरं. पण सर, ‘का’ सरकतं ते अजून लागत नाही. आकडेमोड झाली, समाधान नाही झालं.

तारतम्य
मी वीज खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. टोपॉलॉजी कधी शिकलो नाही, पण वरचं वाचून खुर्चीतून उठलो, कारण हे मी चाळीस वर्षं वापरत आलो आहे.

किर्खोफचे दोन नियम घ्या, १८४५ चे. जोडबिंदूवर आत येणारा प्रवाह आणि बाहेर जाणारा प्रवाह सारखा. म्हणजे प्रवाह ही तारांची अशी बेरीज आहे जिची सीमा शून्य! प्रवाह म्हणजे चक्र. दुसरा नियम: कुठल्याही बंद वाटेवर व्होल्टेजची बेरीज शून्य. म्हणजे व्होल्टेज हे बिंदूंवरच्या विभवांमधल्या फरकातून येतं. दोरवाताईंच्या भाषेत ते कोबाउंडरी झालं ना? एकाच तारेवर दोन आकडे राहतात, पण एक आहे वाहणारी गोष्ट आणि दुसरा आहे माप. दोन्ही आकडेच आहेत म्हणून ते एकच, असं आमच्या खात्यात कुणी म्हटलं असतं तर त्याला खांबावर चढू दिलं नसतं.

दोघांचा गुणाकार करून सगळ्या तारांवर बेरीज घ्या, ती शून्य येते. हा टेलेगेनचा सिद्धांत, १९५२ चा. आम्हाला तो शक्तीच्या हिशोबासाठी शिकवला होता. आज कळलं की तो म्हणजे चक्रावर कोबाउंडरीचं माप घेतलं की शून्य, एवढंच आहे.

अजून एक. सपाट कागदावर तारा एकमेकींना न छेदता काढता येणाऱ्या मंडलाचं आम्ही ‘प्रतिमंडल’ काढायचो. प्रत्येक घराच्या, म्हणजे तारांनी वेगळ्या केलेल्या प्रत्येक मोकळ्या जागेच्या, जागी बिंदू, प्रत्येक तारेला आडवी जाणारी नवी तार. मग मालिकेचं समांतर होतं, प्रवाहाचं व्होल्टेज होतं, कॉइलच्या जागी कपॅसिटर येतो. दोन गोष्टी अशा जोडीने येतात त्याला डुआलिटी म्हणतात असं ऐकलंय, हेच का ते?

दोरवा
तारतम्य काका, हेच! तंतोतंत हेच. मंडल गोलाच्या पृष्ठभागावर काढलंत म्हणून बिंदू आणि घरं यांची अदलाबदल झाली. आणि शुद्धसाजूक सरांच्या शंकेचं उत्तर पण यातच आहे. मंडल सपाट कागदावर मावत नसेल तर असं प्रतिमंडल मिळतच नाही. तीन घरांना पाणी, वीज, गॅस न छेदता पोचवायचं ते जुनं कोडं आठवा. त्या जाळ्याला जोडीदार नाही. हे १९३२ मध्ये सिद्ध करणारा हॅस्लर व्हिटनी आपल्या धाग्यात पुन्हा येणार आहे, बघा.

म्हणजे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, उंबरठा, आणि पुस्तकं त्या दोन्हींना डुआलिटी या एकाच नावाने हाक मारतात. एक: वस्तू आणि तिचं माप. ही जोडी कुठल्याही जागेत असते. दोन: माप हेच दुसऱ्या मितीतली वस्तू बनून समोर येतं. हे फक्त मॅनिफोल्डवर, म्हणजे जवळून पाहिलं की कुठेही सपाट जागेसारखीच दिसते अशा जागेवर, आणि तो फ्रेंच गणिती प्वँकारेचा शोध.

ओसरी
विषयांतर करते, माफ करा. डुआलिटीला मराठीत ‘द्वैत’ लिहिलेलं दिसतं कधी कधी. मला ते खटकतं. द्वैत म्हटलं की दोघं वेगळे, कायमचे परके असा अर्थ मनात येतो. इथे तर एक नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही. ‘जोडभाव’ कसा वाटतो?

शुद्धसाजूक
जोडभाव चांगला आहे. पण जोडीत अदलाबदल चालते. इथे दिशा ठरलेली आहे, एक मापतो, एक मापला जातो. ‘प्रतिभाव’?

टिंबटिंब
जातं आणि ओवी. एक फिरतं, दुसरी फेरे मोजते.

ओसरी
टिंबटिंब, हे मी वहीत लिहून ठेवलं.

जुनी_पाटी
थोडा इतिहास सांगतो, कारण उंबरठाचा प्रश्न हा इतिहासाचाही प्रश्न आहे. प्वँकारेचा ‘अनॅलिसिस सिटस’ हा निबंध १८९५ चा. त्यात तो म्हणतो की बंद, दिशा सुसंगत ठरवता येणाऱ्या मॅनिफोल्डचे बेटी आकडे, म्हणजे प्रत्येक मितीतल्या न भरणाऱ्या स्वतंत्र चक्रांची संख्या, दोन्ही टोकांकडून सारखे वाचता येतात. पोकळ बांगडीचे १, २, १. त्रिमितीय मॅनिफोल्डचा पहिला आणि दुसरा आकडा सारखा. त्याची सिद्धता मात्र कच्ची होती. १८९८ मध्ये कोपनहेगनच्या पोल हेगार्डने आपल्या प्रबंधात बोट ठेवलं. गोंधळ टॉर्शनचाच होता: प्वँकारे ‘दोनदा भरते’ याला ‘भरते’च धरत होता, बेटीच्या मूळ व्याख्येत तसं नव्हतं. प्वँकारेने वाद घालत न बसता १८९९ मध्ये पुरवणी लिहिली आणि सिद्धता नव्याने बांधली. कशी? प्रत्येक तुकड्याला आडवा जाणारा तुकडा काढून. तारतम्यांचं प्रतिमंडल, सगळ्या मितींमध्ये. घनाला ८ कोपरे, १२ कडा, ६ पृष्ठं. त्याच्या जोडीदार अष्टफलकाला ६ कोपरे, १२ कडा, ८ पृष्ठं.

इतकं सगळं १८९९ ला हातात असताना कोहोमॉलॉजीला १९३५ का उजाडलं? माझं मत असं की याच सिद्धांताने तिला झाकून ठेवलं. मॅनिफोल्डवर माप हे दुसऱ्या मितीतल्या चक्रासारखंच दिसतं. मग वेगळं नाव द्यायची गरज कुणाला वाटणार? लोक चक्रं छेदून गुणाकार करत होते आणि काम चाललं होतं. त्यातून, सुरुवातीला सगळे नुसते आकडेच मोजत. आकड्यांऐवजी गट बघा हा आग्रह १९२५ च्या सुमारास ग्यॉटिंगेनमध्ये एमी नोएथरने धरला. गट हातात आल्यावरच वस्तू आणि माप यांतला फरक लिहिता येऊ लागला.

सप्टेंबर १९३५ मध्ये मॉस्कोत टोपॉलॉजीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे अमेरिकेचा अलेक्झांडर आणि रशियाचा कोल्मोगोरोव्ह या दोघांनी, एकमेकांशी काहीही न बोलता, कोहोमॉलॉजी मांडली, तिच्यातल्या गुणाकारासकट. गुणाकाराच्या पहिल्या व्याख्येत खोट होती, ती चेख आणि व्हिटनी यांनी काढली. व्हिटनीचा निबंध १९३८ चा. नोएथर १९३५ च्याच एप्रिलमध्ये, परिषदेच्या पाच महिने आधी गेली. मला हे दरवेळी चटका लावून जातं.

वाटसरू
जुनी_पाटी, दंडवत. आपल्याकडे कुणी यात काम केलं आहे का?

जुनी_पाटी
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत केलंय, आणि मोठं केलंय. एम. एस. नरसिंहन यांनी ग्युंटर हार्डर यांच्यासोबत १९७५ मध्ये वक्रांवरच्या सदिश गुच्छांच्या जागेची कोहोमॉलॉजी काढली. त्यावर आजही काम चालू आहे. पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय, मी काढतो सवडीने.

शुद्धसाजूक
उंबरठाचा ‘का सरकतं’ हा प्रश्न राहिला होता, आणि त्याला मी आकडेमोड देऊन गप्प केलं हे बरोबर झालं नाही. पुन्हा सांगतो.

दोष मापाच्या पट्टीचा आहे. पूर्णांकांच्या पट्टीवर ‘दुप्पट केली की शून्य’ अशी शून्येतर खूणच नाही, म्हणून अ दिसली नाही. पट्टी बदल. घड्याळाची तबकडी घे. पूर्ण फेरा म्हणजे शून्य. आता अ ला अर्धा फेरा दे. दोनदा अ म्हणजे पूर्ण फेरा, म्हणजे शून्य. माप खरं ठरलं, आणि अ दिसली, तिच्या स्वतःच्या मितीत, कुठेही न सरकता!

तबकडीने मापलं तर कुठल्याही जागेची कोहोमॉलॉजी ही त्याच मितीतल्या होमॉलॉजीवरची सगळी मापं असते, बाकी काही नाही. पूर्णांकांनीच मापायचा हट्ट धरला की तबकडीवरचा अर्धा फेरा पूर्णांकांत लिहावा लागतो. तो तसा मावत नाही, आणि न मावलेला भाग वरच्या मितीत नोंदवला जातो. वर गेलेलं ते म्हणजे या न मावण्याची नोंद. आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी १९४२ मध्ये ही नोंद कायमची नीट लिहिली, तिला आज एक्स्ट म्हणतात.

तबकडीचं महत्त्व पहिल्यांदा ओळखलं पोंत्र्यागिनने, १९३४ मध्ये. पूर्णांक आणि वर्तुळ हे एकमेकांचे जोडीदार, हा त्याचा सिद्धांत. चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात त्याचे डोळे गेले. त्याची आई त्याला गणिताची पुस्तकं वाचून दाखवायची. ती स्वतः गणित शिकलेली नव्हती.

ओसरी
आईचं वाचून थांबले थोडा वेळ.

उंबरठा
सर, आता लागलं! तबकडी पूर्णांकांपेक्षा बारीक पट्टी आहे, म्हणून सरकायची वेळ येत नाही. दोन महिन्यांत हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

पण मग माझा मूळचा प्रश्न उलट जास्त टोकदार होतो. योग्य पट्टीने मापलं तर होमॉलॉजी कळली की कोहोमॉलॉजी कळली. मग हवीच कशाला?

दोरवा
कारण मापांचा गुणाकार होतो, वाटांचा होत नाही.

सिंहगडाच्या एका वाटेला दुसऱ्या वाटेने गुणता येईल? नाही. पण प्रत्येक जागेची उंची आणि प्रत्येक जागेचं तापमान यांचा गुणाकार करता येतो, जागच्या जागी. मापं जागेवर बसलेली असतात. ‘जागच्या जागी’ याचंच गणिती रूप म्हणजे क्ष ला (क्ष, क्ष) या जोडीकडे पाठवणं. त्या बाणावरून वाटा पुढे जातात, मापं मागे येतात. जोडीवरचं माप मागे आणलं की एकाच जागेवरचं माप मिळतं. वाटांना मागे यायची सोय नाही. बाण उलटे झाल्याचा फायदा तो हाच, उंबरठा. वर्गात जे नुसतं रुक्ष वाटलं होतं, त्याच्यामुळेच गुणाकार येतो.

एक काम करा. पोकळ बांगडी घ्या. आणि दुसरीकडे एक फुगा घ्या, त्याला एकाच बिंदूवर दोन कड्या अडकवा. दोन्हींची होमॉलॉजी काढा. मग दोन्हीकडे पहिल्या मितीतली दोन मापं घेऊन त्यांचा गुणाकार करून सांगा.

टिंबटिंब
फुग्याला कड्या. मुलाच्या वाढदिवसाला हे करून बघितलं, फुगा फुटला. होमॉलॉजी बदलली.

तारतम्य
मी पण गृहपाठ करतोय. नातवाचा कंपास घेतला आहे.

उंबरठा
झालं! होमॉलॉजी दोन्हींची हुबेहूब सारखी. तुकडा एक, वाटा दोन, बंद पृष्ठभाग एक. होमॉलॉजीला विचारलं तर ती म्हणेल या दोन्ही एकच.

बांगडीवर लांबून जाणारी वाट ल, आडवी जाणारी वाट आ. ल चे फेरे मोजायला कुठली रेघ ओढू, याचा विचार करत होतो. आ हीच ती रेघ! आणि आ चे फेरे मोजायची रेघ म्हणजे ल. प्रत्येकजण दुसऱ्याचं माप आहे. इथे दोरवाताईंचं ‘माप सुद्धा टोक नसलेलंच’ पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. गुणाकार म्हणजे दोन रेघा जिथे छेदतात ती जागा. त्या एकाच बिंदूत छेदतात, म्हणून गुणाकार १. शून्य नाही.

फुग्यावर एका कडीचं माप म्हणजे त्या कडीवरचा एक बिंदू, दुसरीचं माप दुसऱ्या कडीवरचा बिंदू. ते कधी भेटतच नाहीत. गुणाकार शून्य. म्हणून बांगडी आणि कड्यांचा फुगा वेगळे. होमॉलॉजीला जे दिसलं नाही ते कोहोमॉलॉजीला दिसलं.

तारतम्य
माझंही हेच आलं. बांगडीवर १, फुग्यावर शून्य.

शुद्धसाजूक
शाबास दोघांनाही. आणि दोरवाताई, चित्रं नंतर असं मी म्हणालो होतो ते मागे घेतो. दोन्ही बरोबरीने हवीत.

उंबरठा
अजून एकच. मी हौसेने क्लाइन बाटली पण केली, म्हणजे नळीची दोन टोकं बांगडीसारखी न जोडता एक टोक उलटवून जोडलेला पृष्ठभाग. पहिली होमॉलॉजी: पूर्णांक आणि सोबत दोनचा गट. दुसरी शून्य. कोहोमॉलॉजी: पहिली पूर्णांक, दुसरी दोनचा गट. प्वँकारेप्रमाणे दुसरी कोहोमॉलॉजी शून्याव्या होमॉलॉजीइतकी, म्हणजे पूर्णांक यायला हवी होती. बाटलीवर दिशा सुसंगत ठरवता येत नाही म्हणून ते लागू नाही, हे कळतं. पण मग तो दोनचा गट नेमका कुठून येतो?

दोरवा
लागू आहे, फक्त चिन्हांचा हिशोब ठेवून. दिशा उलटवणाऱ्या वाटेवरून एखादा बिंदू फिरवून आणला की त्याचं चिन्ह बदलतं, असं धरून शून्यावी होमॉलॉजी पुन्हा काढा.

उंबरठा
थांबा, इथेच करतो. बाटलीवर एक बिंदू ब घेतला. साध्या हिशोबात कुठलाही बिंदू कुठेही सरकवता येतो, म्हणून सगळे बिंदू म्हणजे एकच ब, आणि गट पूर्णांकांचा. आता चिन्ह लावून: ब ला उलटवणाऱ्या वाटेवरून एक फेरी मारून आणली. तो त्याच जागी आला, पण वजा ब होऊन. वाटेची दोन टोकं सारखीच धरायची, म्हणून ब आणि वजा ब एकच. म्हणजे दोनदा ब शून्य.

दोनचा गट!

टिंबटिंब
बिंदू प्रदक्षिणा घालून उलटा होऊन परत आला, आणि मला ते समजलं. उद्या हापिसात सांगणार.